पान नंबर ३८१२

गेल्या वर्षी आमच्या सर्चचा सर्व्हर एका आठवड्यात तीनदा झोपला आणि तिन्ही वेळा ट्रॅफिक नेहमीइतकंच होतं, म्हणजे रिक्वेस्टचा ग्राफ सपाट आणि मेमरीचा ग्राफ मात्र कड्यासारखा उभा. आधी नव्या डिप्लॉयवर संशय, मग डिस्कवर, मग अजून कशाकशावर. शेवटी मी स्लो क्वेरी लॉग उघडून एकेक ओळ वाचायला बसले तेव्हा दिसलं की कुठलातरी क्रॉलर (साइटची पानं आपोआप वाचत फिरणारा बॉट) एका अगदी साध्या, जवळपास प्रत्येक कागदपत्रात येणाऱ्या शब्दाच्या रिझल्टमधून ‘पुढचं पान’, ‘पुढचं पान’ करत चालत सुटलाय आणि पोचलाय पान नंबर ३८१२ वर. एका पानावर २० रिझल्ट. एकच बॉट, सेकंदाला एखादी रिक्वेस्ट, आणि तेवढ्यानं सहा शार्डांचं (शार्ड म्हणजे सर्चच्या डेटाचा एक तुकडा) सर्व्हरांचं क्लस्टर आडवं.

यात आमचा हात होता हे आधीच सांगते. आम्ही वापरतो ते सर्च इंजिन, इलॅस्टिकसर्च, मुळात १०,००० रिझल्टच्या पुढे जाऊच देत नाही, रिझल्ट विंडो फार मोठी आहे म्हणून सरळ एरर देतं. कधीतरी कुणाचीतरी तक्रार आली होती की ५०१ नंबरचं पान उघडत नाही, तर आम्ही ती मर्यादा उचलून १० लाखांवर नेऊन ठेवली. सेटिंगमधली एक ओळ बदलली, पान उघडायला लागलं, विषय संपला. ती मर्यादा तिथे का आहे हे तेव्हा कुणीच विचारलं नाही, मीही नाही. त्यानंतर जे काही वाचलं, करून बघितलं आणि पुन्हा चुकलं ते सगळं इथे लिहून ठेवतेय, कारण पेजिनेशन, म्हणजे रिझल्ट पानापानांत दाखवणं, हा विषय आपण सगळेच शेवटच्या दिवशी उरकतो, आणि नंतर नाकी नऊ येतात ते त्याच्यामुळेच.

मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट ही, की सर्च इंजिनमध्ये ‘७६,२२१ वा रिझल्ट’ असं काही कुठे लिहिलेलंच नसतं. डेटाबेसमध्ये तारखेवर इंडेक्स असेल तर निदान क्रम तरी आधीपासून लावून ठेवलेला असतो. फुल टेक्स्ट सर्चचा इन्व्हर्टेड इंडेक्स वेगळा, त्यात प्रत्येक शब्दासमोर तो शब्द कुठल्या कुठल्या डॉक्युमेंटमध्ये आहे त्यांचे नंबर असतात आणि ते असतात डॉक्युमेंट नंबरच्या क्रमानं, स्कोअरच्या क्रमानं नाही. स्कोअर ठरतो क्वेरी आल्यावर. दोन शब्द शोधले की एक स्कोअर, त्यात तिसरा टाकला की सगळी गणितं नव्यानं. त्यामुळे रिझल्टचा क्रम हा दर वेळी तिथल्या तिथे जन्माला येतो आणि रिस्पॉन्स गेला की संपतो. जो क्रम आधी अस्तित्वातच नाही त्याच्या मधूनच कुठूनतरी उचलून द्या म्हणणं म्हणजे काय हे एकदा डोक्यात शिरलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

मग पहिली २० कशी मिळतात? ल्युसीन (इलॅस्टिकसर्च आणि सोलर या दोन्ही सर्च इंजिनांच्या पोटात तीच लायब्ररी आहे) एक छोटी हीप ठेवतं, २० जागांची. त्या २० मधला सगळ्यात कमी स्कोअरवाला तोंडाशी बसलेला. नवीन डॉक्युमेंट आलं की त्याची तुलना फक्त त्या एकाशी, हरलं तर तिथूनच परत, जिंकलं तर तो बाहेर आणि हे आत. बावीस लाख डॉक्युमेंट तपासली तरी हातात कायम २० च. फार सुंदर प्रकार आहे हा, मला अजूनही तो कोड वाचताना बरं वाटतं.

आता पान नंबर ३८१२ मागा. आधीच्या ३८११ पानांचे ७६,२२० रिझल्ट टाकून पुढचे २० हवेत, पण टाकायचे कुठले हे कळण्यासाठी आधी ते गोळा करावे लागतात, म्हणजे हीप ७६,२४० जागांची. आणि हे एका शार्डवर. शार्डला बाकीच्या शार्डांवर काय आहे ते माहीत नसतं, कदाचित सगळे चांगले रिझल्ट एकाच शार्डवर असतील, म्हणून प्रत्येकाला आपले वरचे ७६,२४० च्या ७६,२४० पाठवणं भागच आहे. सहा शार्डांचे मिळून झाले ४,५७,४४०. ज्या नोडनं, म्हणजे क्लस्टरमधल्या ज्या सर्व्हरनं, रिक्वेस्ट घेतली तो हे सगळे मेमरीत धरतो, एकत्र क्रम लावतो, २० ठेवतो आणि ४,५७,४२० फेकून देतो. डोंगर पोखरून उंदीर काढणं ते हेच. आणि बॉटनं ३८१३ वं पान मागितलं की डोंगर परत नव्यानं पोखरायचा, कारण मघाशी काय काढलं होतं ते कुणी लक्षात ठेवलेलंच नाही.

याला अजून एक पदर आहे आणि तो लोकांच्या फारसा लक्षात येत नाही. २०१९ मध्ये ल्युसीन ८ आलं त्यात ब्लॉक मॅक्स वँड नावाची युक्ती आली, थोडक्यात अशी की प्रत्येक शब्दाच्या यादीचे छोटे ब्लॉक करायचे आणि त्या ब्लॉकमधून जास्तीत जास्त किती स्कोअर निघू शकतो ते आधीच लिहून ठेवायचं. हीप भरली की तिच्या तोंडाशी बसलेला स्कोअर हा उंबरठा होतो, ज्या ब्लॉकची कमाल उडीसुद्धा त्या उंबरठ्यापर्यंत पोचत नाही तो ब्लॉक उघडायचाच नाही, अख्खा ओलांडून पुढे. पहिल्या पानासाठी यानं प्रचंड फरक पडतो कारण २० ची हीप पटकन भरते आणि उंबरठा भराभर वर चढतो. पण ७६,२४० ची हीप भरायलाच वेळ लागतो आणि भरली तरी तिच्या तोंडाशी बसलेला स्कोअर असतो रडतखडत आलेला, त्यामुळे उंबरठा जमिनीलगतच, आणि ओलांडता येण्यासारखे ब्लॉक जवळजवळ उरत नाहीत. म्हणजे खोल पान मागितलं की फक्त मेमरी जास्त जात नाही, पहिल्या पानाला जो वेग मिळत होता तोही हातचा जातो. इलॅस्टिकसर्च ७ पासून एकूण रिझल्टचा आकडा १०,००० नंतर ‘निदान इतके तरी आहेत’ एवढंच सांगतो तेही याच्याचमुळे, ब्लॉक उघडलेच नाहीत तर मोजणार कसे. अचूक आकडा मागता येतो, पण मग ओलांडणं बंद करावं लागतं. आमच्या प्रत्येक क्वेरीला अचूक आकडा चालू होता, कारण पानांची शेवटची संख्या दाखवायची होती. त्या ‘पान १ / १,१०,०००’ या एका लेबलसाठी आम्ही प्रत्येक सर्च हळू करून ठेवला होता, ज्यांना पहिल्या तीन रिझल्टमध्येच हवं ते मिळत होतं त्यांचासुद्धा. याचं मला आजही वाईट वाटतं.

तर उपाय. पान नंबर मागायचाच नाही. ‘मी इथे थांबले होते, याच्या पुढचे २० द्या’ असं मागायचं. इलॅस्टिकसर्चमध्ये याला सर्च आफ्टर म्हणतात, ५.० पासून आहे. सोलरमध्ये कर्सर मार्क, ४.७ पासून, आणि मला विचाराल तर सोलरची मांडणी जास्त देखणी आहे: पहिल्या वेळी फक्त एक फुली (*) पाठवायची, उत्तरासोबत पुढचा मार्क येतो, तो पाठवला की पुढचे रिझल्ट, आणि जो मार्क पाठवला तोच परत आला की समजायचं संपलं. सर्व्हरवर काहीही साठवलेलं नसतं, शेवटच्या रिझल्टच्या सॉर्टच्या किमती त्या मार्कमध्येच गुंडाळलेल्या असतात.

आत होतं काय, तर हीप परत २० जागांची. फरक एवढाच की कर्सरच्या, म्हणजे आपण थांबलो त्या खुणेच्या, वरचं, आधीच दाखवून झालेलं, काहीही आलं की ते दारातूनच परत. शार्ड २० च पाठवतो, सहाचे १२०, त्यातले २० ठेवायचे. चार लाख सत्तावन्न हजारांच्या जागी एकशे वीस. हे फुकट नाही हेही सांगायला हवं, वरच्या डॉक्युमेंटचा स्कोअर काढूनच ती नाकारावी लागतात, त्यामुळे सीपीयूचं काम शून्य होत नाही, पण मेमरी आणि नेटवर्क दोन्ही पान कितीही खोल गेलं तरी सपाट राहतात. आमचं घोडं तिथेच अडलं होतं.

आता खरी मेख, टाय, म्हणजे दोन रिझल्टचा स्कोअर सारखाच. समजा पहिल्या पानाचा शेवटचा रिझल्ट क-४५, स्कोअर ७.३१, आणि दुसऱ्या पानावर पहिला यायला हवा क-५१, त्याचाही स्कोअर ७.३१. कर्सरमध्ये फक्त स्कोअर असेल तर ‘७.३१ पेक्षा कमी’ म्हटलं की क-५१ कायमचा गायब, आणि ‘७.३१ किंवा कमी’ म्हटलं की क-४५ पुन्हा डोळ्यासमोर. दोन्ही चूकच. म्हणून सॉर्टमध्ये स्कोअरनंतर दुसरी अशी गोष्ट हवी जी प्रत्येक डॉक्युमेंटची वेगळीच असते, आयडी वगैरे, आणि कर्सरमध्ये दोन्ही. सोलर तर युनिक की सॉर्टमध्ये नसेल तर कर्सर देतच नाही, एरर देतं, आणि ते अगदी योग्य करतं. सारखे स्कोअर किती येणार असं वाटतं, पण छोट्या छोट्या मजकुरांवर, शीर्षकांवर वगैरे सर्च असेल तर ढिगानं येतात, शब्द एकच, लांबी एकच, मग स्कोअर वेगळा व्हायला कारणच नाही.

हे सगळं वाचून, समजून आम्ही कर्सर लावला आणि तरीही रिझल्ट गळायला लागले. दोन दिवस शोधत होतो. शेवटी सापडलं फ्रंटएंडमध्ये. स्क्रीनवर दाखवायला स्कोअर दोन दशांशापर्यंत राउंड केला जात होता आणि पुढचं पान मागताना तोच राउंड केलेला आकडा कर्सर म्हणून परत पाठवला जात होता. खरा स्कोअर ७.३१४८ आणि कर्सर म्हणतोय ७.३१, मग मधले जेवढे काही होते, ७.३१२, ७.३११, सगळे आपण आधीच बघितलेत असं इंजिन समजलं. आयडीचंही तसंच होऊ शकतं, जाव्हास्क्रिप्टचा साधा नंबर ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ च्या पुढे प्रत्येक पूर्णांक अचूक धरत नाही, मोठे लाँग आयडी असतील तर शेवटचा अंक गुपचूप बदलतो. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे, कर्सर म्हणजे एक बंद पाकीट, सर्व्हरनं बेस ६४ करून (साध्या अक्षर-अंकांच्या ओळीत बदलून) द्यायचं आणि क्लायंटनं न उघडता जसंच्या तसं परत करायचं. त्यात काय आहे हे क्लायंटला दिसलं की कुणीतरी कधीतरी त्याला हात लावणारच.

आणि पायाखालची जमीन हलते त्याचं काय? नवीन आधी अशा क्रमानं यादी आहे, तुम्ही पहिलं पान वाचताय, तेवढ्यात वर एक नवीन डॉक्युमेंट आलं. ऑफसेटवाल्या (वरचे इतके सोडा, पुढचे द्या अशा) पेजिनेशनमध्ये सगळे एक घर खाली सरकतात आणि दुसऱ्या पानावर पहिला रिझल्ट तोच, जो तुम्ही आत्ता पहिल्या पानाच्या शेवटी वाचला. वरचं एखादं डिलीट झालं तर उलटं, एक रिझल्ट मधल्या मध्ये पडतो आणि तो तुम्हाला कुठल्याच पानावर दिसत नाही. वाचणाऱ्याला पुन्हा दिसलेला कळतो, न दिसलेला कळत नाही, म्हणून तक्रारी फक्त पहिल्या प्रकारच्या येतात आणि नुकसान दुसऱ्यात असतं. आमच्या एका एक्स्पोर्ट स्क्रिप्टनं असे रेकॉर्ड महिनोन्महिने गाळले होते, ती पानं मोजत पुढे जायची आणि त्याच वेळी दुसरा जॉब जुनी रेकॉर्ड काढत असायचा. तारखेवरच्या कर्सरनं हा प्रश्न सुटतो, कारण वर काय आलं गेलं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

पण क्रम स्कोअरचा असेल तर कर्सरही पुरत नाही. बीएम२५ मध्ये, म्हणजे स्कोअर काढायच्या सूत्रात, शब्द एकूण किती डॉक्युमेंटमध्ये आहे हे धरलेलं असतं, नवीन डॉक्युमेंट आली की ते प्रमाण बदलतं, म्हणजे जुन्यांचे स्कोअरसुद्धा थोडे इकडे तिकडे होतात. त्यात रेप्लिका, म्हणजे शार्डची दुसरी प्रत. मूळ शार्ड आणि त्याची रेप्लिका यांच्यात डॉक्युमेंट तीच असली तरी डिलीट झालेली पण अजून मर्जमध्ये (इंडेक्सचे छोटे भाग एकत्र करताना) साफ न झालेली डॉक्युमेंट दोन्हीकडे सारखी नसतात आणि ती या मोजणीत धरली जातात, मग पहिली रिक्वेस्ट एकाकडे गेली आणि दुसरी दुसऱ्याकडे तर तोच सर्च, तीच डॉक्युमेंट, आणि क्रम वेगळा. पान रिफ्रेश केल्यावर रिझल्ट नाचताना बघितले असतील तर बहुतेक वेळा कारण हे. त्यावर साधा इलाज असा की रिक्वेस्टच्या प्रेफरन्स या पर्यायात सेशनची एखादी खूण द्यायची म्हणजे त्या माणसाच्या रिक्वेस्ट त्याच कॉपीकडे जातात.

पक्का इलाज पॉइंट इन टाइम, इलॅस्टिकसर्च ७.१० पासूनचा. इंडेक्सचा त्या क्षणाचा फोटोच म्हणा. ल्युसीनचे सेगमेंट, म्हणजे इंडेक्सचे छोटे भाग, एकदा लिहिले की बदलत नाहीत, बदल झाला की नवीन सेगमेंट तयार होतो, त्यामुळे ‘आत्ता जे सेगमेंट आहेत ते माझं होईपर्यंत पुसू नका’ एवढं सांगितलं की फोटो तयार. शिवाय टाय सोडवणारी ती दुसरी किंमत, टायब्रेकर, तो स्वतःच जोडतो. पण फोटो धरून ठेवला की जुने सेगमेंट मर्ज होऊनही डिस्कवरून जात नाहीत, म्हणून मुदत छोटी द्यायची, मिनिटभर, आणि काम झालं की स्वतः बंद करायचा. आधी याच कामाला स्क्रोल नावाची सोय होती, आता खोल पेजिनेशनसाठी ती वापरू नका असं त्यांचंच डॉक्युमेंटेशन सांगतं. उघड्या स्क्रोलची डिफॉल्ट मर्यादा ५०० आहे, आणि ज्यानं प्रत्येक युजरच्या प्रत्येक सर्चला स्क्रोल लावला त्याला हा आकडा किती लहान आहे ते लगेच कळतं. माझं मत सांगायचं तर एक्स्पोर्टसारख्या कामाला पॉइंट इन टाइम हवाच, माणसासाठीच्या सर्चबॉक्सला मात्र नुसता कर्सर आणि प्रेफरन्स पुरतात, कुणीतरी पान उघडून तासभर उठून जाणार आणि तेवढा वेळ आपण जुने सेगमेंट सांभाळत बसायचे याला अर्थ नाही.

पोस्टग्रेस डेटाबेसमध्येच फुल टेक्स्ट सर्च करणाऱ्यांसाठी दोन शब्द. तिथे ऑफसेट म्हणजे वाचायचं आणि टाकायचं, त्यात लपवाछपवी काही नाही. पण रँकनं सॉर्ट केलं तर पहिलं पानसुद्धा महाग पडतं कारण जिन इंडेक्स जुळणाऱ्या रो शोधून देतो, रँक काढायला मात्र प्रत्येक जुळलेल्या रोचा टीएसव्हेक्टर (त्या रोमधल्या शब्दांची तयार यादी) वाचावा लागतो. तिथे पेजिनेशन सुधारण्याआधी जुळणाऱ्या रोच कमी कशा होतील ते बघा, तारखेची अट, विभागाची अट, काहीही.

कर्सरनं जातं काय, तर ‘पान ५७ वर जा’. यावर आमच्याकडे बरीच वादावादी झाली, म्हणून मी लॉगमधून बघितलं की खोल पानांवर नक्की जातं तरी कोण. क्रॉलर होते, आमच्याच दोन स्क्रिप्ट होत्या, आणि माणसं अगदी थोडी. त्यातल्या एका बाईंशी मी बोलले. त्या दर वेळी सरळ शेवटच्या पानावर उडी मारायच्या, कारण त्यांना सगळ्यात जुनी कागदपत्रं हवी असायची आणि ‘जुनं आधी’ असा पर्याय आम्ही दिलेलाच नव्हता. त्या बिचाऱ्या वर्षभर असंच करत होत्या आणि त्यांच्या प्रत्येक उडीला आम्ही सहा शार्डांवर डोंगर पोखरत होतो. सॉर्ट उलटा करायचं एक बटण दिलं, शेवटचं पान म्हणजे उलट्या क्रमाचं पहिलं पान, तेवढ्यात काम झालं.

मागच्या पानावर येण्यासाठीही हेच, सॉर्ट उलटा, कर्सर सध्याच्या पानाच्या पहिल्या रिझल्टचा, २० घ्यायचे आणि दाखवण्याआधी परत सुलटे करायचे. पुढे अजून काही आहे का हे कळायला एकूण मोजायची गरज नाही, २० च्या जागी २१ मागायचे, एकविसावा आला तर ‘आणखी’ दाखवायचं, तो मात्र स्क्रीनवर दाखवायचा नाही. एकूण आकड्याच्या जागी आम्ही आता ‘१०,००० पेक्षा जास्त’ लिहितो आणि कुणीही त्याबद्दल एकदाही विचारलेलं नाही.

सध्या असं आहे: पहिली ५० पानं अजूनही नंबरनं उघडतात कारण लोकांनी लिंका जपून ठेवल्यात आणि १,००० रिझल्टपर्यंत त्याचा काही त्रास नाही. त्यापुढे फक्त कर्सर. मर्यादा परत १०,००० वर. क्रॉलरसाठी वेगळा साइटमॅप (सगळ्या पानांच्या लिंकांची यादी), म्हणजे त्याला सर्चमधून चालत जायची गरजच नाही.

एक गाठ अजून सुटलेली नाही. एकाच कागदपत्राच्या अनेक प्रती असतात आणि रिझल्टमध्ये त्यातली एकच दिसावी असं आम्हाला हवंय, त्यासाठी इलॅस्टिकसर्चमध्ये कोलॅप्स (एका फील्डची किंमत सारखी असलेल्यांतला एकच दाखवणं) आहे, पण कोलॅप्ससोबत सर्च आफ्टर चालतं ते फक्त ज्या फील्डवर कोलॅप्स त्याच फील्डवर सॉर्ट असेल तर. आम्हाला सॉर्ट हवाय स्कोअरचा. त्यामुळे प्रती एकत्र करून दाखवणारा जो टॅब आहे तिथे अजून जुनंच ऑफसेट आहे आणि पन्नासाव्या पानानंतर तो थांबतो. इंडेक्स करतानाच प्रत्येक गटातली एक प्रत मुख्य म्हणून खूण करून ठेवायची आणि सर्च फक्त त्यांच्यावर चालवायचा असं आता करून बघतेय, पण मग मुख्य प्रतीत नसलेला आणि दुसऱ्याच प्रतीत असलेला शब्द कुणी शोधला तर काय, यावर अडलेय. कुणी हे केलं असेल तर खाली लिहा, मला खरंच हवंय.